गार्मिन ईट्रेक्स ३२एक्स: ट्रेकच्या नोंदी कशा वाचायच्या

गार्मिनचं ईट्रेक्स ३२एक्स हे हातात धरायचं जीपीएस २०१९ साली बाजारात आलं. त्यानंतर नवी मॉडेल्स आली, फोनमधलं जीपीएसही खूप सुधारलं. तरीही सोलापूरहून रात्रीच्या गाडीने निघून सह्याद्रीत दिवस-दोन दिवस चालणाऱ्यांसाठी हे यंत्र आजही पैसे वसूल करून देतं. त्याच्याबद्दल तक्रार होते ती बहुधा आकड्यांची. पडद्यावर १४.२ किलोमीटर, संगणकावर १५.१ आणि सोबत्याच्या फोनवर १६.४, तर धरायचं कोणतं? हे तीन आकडे तीन वेगळ्या रीतींनी मोजलेले असतात आणि ती रीत कळली की घोळ उरत नाही. म्हणून इथे यंत्राच्या गुणदोषांपेक्षा त्याच्या नोंदींना जास्त जागा दिली आहे.

यंत्राची ओळख थोडक्यात. २.२ इंची रंगीत पडदा, ८ जीबी मेमरी, मायक्रोएसडी कार्डाची जागा, दोन एए सेल, सेलसकट वजन सुमारे १४२ ग्रॅम. एका जोडीवर २५ तास असं कंपनी सांगते. ग्लोनास (जीपीएससारखी रशियाची उपग्रह प्रणाली) चालू ठेवून आणि वारंवार लाइट लावून नकाशा पाहिला तर त्यातले बरेच तास वजा धरावेत. आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, त्यामुळे पावसाळ्यातल्या घाटमाथ्यावर काळजी नाही. मात्र मागचं रबरी झाकण नीट दाबलेलं हवं. पडदा उन्हाचाच उजेड परावर्तित करतो, म्हणून सोलापूरच्या मे महिन्यातल्या उन्हात तो फोनपेक्षा कितीतरी स्पष्ट दिसतो. ४२ अंशांत फोन तापून पडदा मंद करतो, प्रसंगी बंदही पडतो. हे यंत्र ७० अंशांपर्यंत चालावं असं बनवलेलं आहे.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. अंगठ्याने फिरवायची दांडी बारीक आहे, नाव टाइप करताना वैताग येतो. जोडणी जुन्या मिनी-यूएसबीची आहे आणि अशी केबल आता दुकानात सहज मिळत नाही. त्यातही मिळते ती अनेकदा फक्त चार्जिंगपुरती. यंत्र चालू होतं, पण संगणकावर ड्राइव्ह म्हणून दिसत नाही, असं झालं की यंत्राला दोष देण्याआधी केबल बदलून पाहावी. दुसरी नेहमीची चूक सेलच्या प्रकाराची. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचे असतात, अल्कलाइन १.५ चे. सेटअपमधल्या सिस्टिममध्ये सेलचा प्रकार बदलला नाही, तर भरलेले सेलही अर्धे दाखवले जातात आणि शेवटचा इशारा अवेळी येतो. जुना-नवा सेल एकत्र घालू नये.

याच मालिकेतलं २२एक्स स्वस्त आहे, पण त्यात हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर नाही आणि एका जागी उभं असतानाही दिशा दाखवणारं इलेक्ट्रॉनिक होकायंत्रही नाही. फक्त माळावर, सपाटीवर चालणार असाल तर २२एक्स पुरे. गडकिल्ल्यांवर जायचं तर ३२एक्सच घ्यावं. या होकायंत्राला एक सवय लावावी लागते: सेल बदलले की दर वेळी कॅलिब्रेशन (म्हणजे त्याची जुळवणी), तेही चुंबक असलेल्या फोनच्या कव्हरपासून दूर उभं राहून.

निघण्याआधीची पाच मिनिटं

सर्वात जास्त नोंदी इथेच बिघडतात. यंत्र सोलापुरात बंद केलं आणि कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावात चालू केलं की त्याला उपग्रहांची ताजी माहिती नसते. एका उपग्रहाची कक्षेची माहिती प्रसारित व्हायला ३० सेकंद लागतात, आणि मध्येच सिग्नल तुटला तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून उघड्यावर, आडवं ठेवून, पाच मिनिटं न हलवता थांबू द्यावं. उपग्रहांच्या पानावर अचूकता ५ मीटरच्या आत आली की मगच आधीचा ट्रॅक (चाललेल्या वाटेची साठवलेली रेघ) पुसावा आणि ट्रिपचे आकडे (अंतर, वेळ, वेग) शून्यावर आणावेत. ही दोन वेगळी कामं आहेत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ट्रॅक पुसला तरी ट्रिपमधलं अंतर मागच्या ट्रेकपासून पुढेच मोजलं जातं. आणि ट्रिप शून्य केली तरी जुना ट्रॅक तसाच राहतो. दोन्ही विसरलं आणि पुढे ट्रॅकचे तुकडे जोडले गेले तर नकाशावर सोलापूर ते बारी अशी तीनशे किलोमीटरची सरळ रेघ उमटते आणि एकूण अंतरात जाऊन बसते. सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये खिडकीशी चालू राहिलेलं यंत्रही असंच फसवतं. सरासरी वेग ताशी ३० किलोमीटर दिसला तर गाडीचा प्रवास आत शिरला असं समजावं.

याचा अँटेना आत, पडद्याच्या बाजूला तोंड करून बसवलेला आहे. पँटच्या खिशात किंवा सॅकच्या तळाशी ठेवलं तर अंगातलं पाणी सिग्नल शोषून घेतं. सॅकच्या वरच्या कप्प्यात, पडदा आभाळाकडे करून ठेवणं सर्वात चांगलं.

अंतर

सेटअपमधल्या ट्रॅक्समध्ये नोंदीची पद्धत निवडता येते: ऑटो, वेळ किंवा अंतर. ऑटोमध्ये यंत्र वळणांवर जास्त आणि सरळ वाटेवर कमी नोंदी घेतं. नकाशासाठी ते ठीक आहे, पण दोन ट्रेकची तुलना करायची असेल तर ठरावीक अंतराच्या नोंदी हव्यात. दर १ सेकंदाला नोंद घेणं हे अचूकतेचं लक्षण आहे, असा गैरसमज पसरलेला आहे. ताशी ४ किलोमीटरने चालणारा माणूस सेकंदात १.१ मीटर पुढे जातो. यंत्राची स्वतःची चूक मात्र उघड्या माळावरही ३ ते ५ मीटर असते. म्हणजे दोन नोंदींमधलं अंतर चुकीहून लहान, आणि मग रेघेचा वेडावाकडेपणा तुमच्या चालण्यात जमा होतो. उलट दर मिनिटाला नोंद घेतली तर दोन पॉइंटमध्ये ६६ मीटर जातात आणि घाटवाटेची वळणं सरळ कापली जातात. पहिल्यात अंतर फुगतं, दुसऱ्यात आटतं. डोंगरात ५ सेकंद किंवा १० मीटर, हे आमच्या मते योग्य माप.

ट्रॅकमध्ये १०,००० पॉइंट मावतात. १ सेकंदाने ते पावणेतीन तासांत संपतात, ५ सेकंदांनी सुमारे १४ तासांत. १० मीटर ठेवलं तर १०० किलोमीटर पुरतात. भरल्यावर जुना भाग आर्काइव्हमध्ये जाईल अशी सोय आहे, ती चालू आहे ना हे एकदा पाहून घ्यावं. ट्रेकचा पहिला भाग गायब झालाय असं वाटलं तर तो तिथे सापडतो.

चढामुळे अंतर कमी दाखवलं जातं, असंही म्हणतात, कारण मोजणी नकाशावरची, आडवी असते. हिशेब करून पाहा: २० टक्के चढावर खरं अंतर २ टक्क्यांनीच जास्त असतं, ३० टक्क्यांवर साडेचार टक्क्यांच्या आत. दोन किलोमीटरचा फरक त्याने पडत नाही. फरक पडतो तो मुक्कामामुळे.

जेवणाला कड्याखाली तासभर बसलात आणि यंत्र चालू राहिलं, तर नोंदीत तिथे सुताचा गुंता दिसतो. कडा अर्ध आभाळ झाकतो, उरलेले सिग्नल खडकावर आपटून उशिरा पोचतात आणि यंत्राला वाटतं आपण इकडेतिकडे फिरतोय. असे दोन-तीन गुंते मिळून किलोमीटरभर सहज वाढवतात. लांब थांबा असेल तर यंत्र बंद करावं. चालू केल्यावर त्याच ट्रॅकमध्ये नवा तुकडा सुरू होतो. सांदण दरीसारख्या अरुंद घळीत तर नोंदीवर अजिबात विसंबू नये. तिथे रेघ भिंतीच्या पलीकडे जाते, परत येते, मध्येच तुटते. अशा ठिकाणचं अंतर नकाशावरून मोजलेलं बरं.

पडद्यावरचं ट्रिपचं अंतर आणि ट्रॅकचं अंतर जुळत नाही त्याचं कारणही सांगायला हवं. ट्रॅकचं अंतर फक्त साठवलेल्या पॉइंटांच्या बेरजेतून येतं. ट्रिप ओडोमीटर (ट्रिपचा अंतरमोजक) आपली बेरीज वेगळी करत राहतो. नोंद ठेवायची ती ट्रॅकची, साफ केल्यानंतरची.

यंत्र तपासून घ्यायचं असेल तर सोलापुरातच सोय आहे. ४०० मीटरच्या धावपट्टीवर आतल्या रांगेतून १० फेऱ्या मारा. ४ किलोमीटरच्या जागी जे दिसेल त्यावरून तुमच्या सेटिंगची चूक टक्क्यांत कळते. एकदा ५ सेकंदांवर, एकदा ऑटोवर असं करून पाहा.

वेळ आणि वेग

चालण्याचा वेळ आणि थांबलेला वेळ यंत्र वेगळा ठेवतं. १२ किलोमीटर, ४ तास चालणं, २ तास थांबणं: चालतानाची सरासरी ताशी ३, एकंदर सरासरी ताशी २. पुढच्या ट्रेकचा आराखडा करताना दुसरी धरावी, कारण गटात माणसं थांबणारच. खडकाळ टप्प्यावर हळूहळू चढणं मात्र यंत्र थांबण्यात मोजतं, हे लक्षात ठेवावं.

उंची

या यंत्राची खरी ताकद इथे आहे आणि सर्वात मोठी फसगतही इथेच होते.

उपग्रहांवरून काढलेली उंची आडव्या जागेपेक्षा साधारण दीडदोन पट चुकते, कारण सगळे उपग्रह वरच असतात, पायाखाली एकही नसतो. बॅरोमीटर याला उपाय आहे. नळदुर्गच्या उपळी बुरुजाच्या पायऱ्या चढलात तर उपग्रहांच्या उंचीत ते धड उमटतही नाही. बॅरोमीटरच्या आलेखात पायऱ्यांचा चढ स्वच्छ दिसतो. पण बॅरोमीटर मोजतो दाब, उंची नव्हे. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटरवर आहे. या उंचीवर दाब १ हेक्टोपास्कलने (हे दाबाचं एकक) उतरला की यंत्र समजतं, आपण सुमारे ९ मीटर वर आलो.

आपल्याकडे दाब रोज ठरल्याप्रमाणे चढतो-उतरतो. सकाळी १० च्या सुमारास तो वर असतो, दुपारी ४ च्या सुमारास खाली, आणि निरभ्र दिवशी यातला फरक ३ ते ४ हेक्टोपास्कलचा असतो. म्हणजे गच्चीत टेबलावर ठेवलेलं यंत्र, ऑटो कॅलिब्रेशन बंद असेल तर, दिवसभरात २५-३५ मीटर ‘चढतं’. हे घरच्या घरी करून पाहण्यासारखं आहे. ट्रेकमध्ये याचा अर्थ असा: सकाळी निघून दुपारी त्याच गावात परतलात आणि उंची ३० मीटरने जास्त दिसली, तर यंत्र बिघडलेलं नाही, दिवस पुढे सरकलेला आहे. निघतानाची आणि परततानाची उंची लिहून ठेवा. फरक तासांनी भागा आणि मधल्या नोंदींमधून त्या प्रमाणात वजा करा.

तापमानाची बाब क्वचितच सांगितली जाते. यंत्र प्रमाण वातावरण, म्हणजे हिशेबासाठी ठरवलेलं सरासरी वातावरण, धरून चालतं. त्यात ४५० मीटरवर तापमान १२ अंश असतं. आपल्याकडे चालताना हवा ३२ अंशांची असेल, तर गरम हवा विरळ असल्याने तेवढाच दाब कमी व्हायला जास्त चढावं लागतं. २० अंशांच्या फरकाला साधारण ७ टक्के उंची कमी भरते. ९०० मीटरची खरी चढाई ८४० मीटर दिसते. कळसूबाईच्या माथ्यावर १६४६ ऐवजी सोळाशेच्याही खालचा आकडा दिसला तर घाबरू नका. ऑटो कॅलिब्रेशन चालू असेल तर यंत्र उपग्रहांच्या उंचीकडे पाहत ही चूक हळूहळू भरून काढतं. आमचा सल्ला: सकाळी ओळखीच्या उंचीवर हाताने कॅलिब्रेट करा आणि ऑटो चालूच ठेवा. ओळखीची उंची म्हणजे रेल्वे स्थानकाचा पिवळा फलक. स्थानकाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. सोलापुरात गाडीत बसण्यापूर्वी आणि कर्जतला उतरल्यावर, दोन्हीकडे आकडा फुकट मिळतो.

अल्टिमीटरच्या (उंचीमापकाच्या) सेटिंगमध्ये ‘फिक्स्ड एलिव्हेशन’ असा एक पर्याय आहे. तो मुक्कामासाठी आहे: एका जागी बसल्यावर दाबातला बदल उंची न समजता हवामान समजावा म्हणून. संध्याकाळी तंबूत तो लावला आणि दोन-तीन तासांत दाब रोजच्या चालीपेक्षा वेगळा, भराभर उतरू लागला, तर वळीव येतोय असं समजावं. पण सकाळी तो परत ‘व्हेरिएबल’ करायला विसरलं की दिवसभराचा उंचीचा आलेख टेबलासारखा सपाट येतो.

एकूण चढाई हा सर्वात कमी भरवशाचा आकडा. बारीकसारीक चढउतार किती मोजायचे, किती गाळायचे हे प्रत्येक सॉफ्टवेअर आपापलं ठरवतं, त्यामुळे एकाच फाइलमधून ८५० आणि ११०० असे दोन्ही आकडे निघू शकतात. काही संकेतस्थळं तर तुमची उंची बाजूला ठेवून २००० साली अवकाशयानातून केलेल्या रडार मोजणीच्या नकाशातली उंची वापरतात. त्यातला एक चौकोन सुमारे ३० मीटरचा. माळावर चालतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर, काठाने चालताना, नोंद १० मीटर बाहेर सरकली की तो चौकोन थेट दरीत असतो, आणि कड्यावर निवांत फेरी मारणाऱ्याच्या नावावर शेकडो मीटरची चढाई जमा होते. अशा संकेतस्थळावर ‘यंत्राची उंची वापरा’ हा पर्याय शोधून निवडावा.

फोनशी तुलना करताना आणखी एक गोम. काही अ‍ॅप समुद्रसपाटीऐवजी पृथ्वीच्या गणिती गोलाकारावरची उंची दाखवतात. आपल्या भागात हा गणिती पृष्ठभाग समुद्रसपाटीच्या वर, ७० मीटरच्या आसपास आहे. त्यामुळे फोनमध्ये सोलापूर ३८० मीटरवर दिसलं तर सोलापूर खचलेलं नाही. ३२एक्स ही दुरुस्ती स्वतः करतं.

फाइल उघडल्यावर

यंत्र संगणकाला जोडलं की गार्मिन फोल्डरमधल्या जीपीएक्समध्ये, करंट नावाच्या उपफोल्डरात चालू ट्रॅक मिळतो. कोणत्याही साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये तो उघडतो. प्रत्येक पॉइंटला अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ एवढंच असतं. वेग त्यात नसतो, तो सॉफ्टवेअर काढतं.

वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, त्यात साडेपाच तास मिळवायचे. सूर्योदयासाठी पहाटे ३ वाजता निघालात तर फाइलमध्ये आदल्या दिवसाचे २१:३० दिसतील. तारीख चुकली म्हणून फाइल टाकून देऊ नका. अक्षांशाच्या पाचव्या दशांश स्थळाची किंमत सुमारे १.१ मीटर, म्हणून त्यापुढचे आकडे वाचण्यात अर्थ नाही. अंश-मिनिटं आणि दशांश अंश यांची गल्लत मात्र महागात पडते: १७ अंश ४०.५ मिनिटं म्हणजे १७.६७५ अंश. ते १७.४०५ असं लिहिलं तर माणूस ३० किलोमीटर दक्षिणेला जातो. शोधपथकाला जागा कळवताना पद्धत बोलून सांगावी. यंत्रातलं डेटम (अक्षांश-रेखांश ज्या आधारावर मोजतात तो) डब्ल्यूजीएस ८४ ठेवावं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांचा आधार एव्हरेस्ट डेटमचा आहे, आणि त्यावर थेट पॉइंट टाकले तर काहीशे मीटरची चूक येते.

साफसफाईला गार्मिनचं बेसकॅम्प पुरतं, मोफत आहे. ट्रॅकवर दोनदा क्लिक केलं की पॉइंटांची यादी येते: दोन पॉइंटमधलं अंतर, वेळ, वेग. पायी चालताना ताशी १५ किलोमीटरच्या वर गेलेला प्रत्येक पॉइंट चुकीचा समजून काढावा. मग मुक्कामांचे गुंते काढावेत, शेवटी गाडीचा भाग कापावा. मूळ फाइलची प्रत आधी बाजूला ठेवावी. नळदुर्गच्या पाणीमहालात शिरल्यावर सिग्नल जातो आणि बाहेर आल्यावर नवा तुकडा सुरू होतो. तिथे तुकडे आपोआप जोडू नयेत, नाहीतर मधली सरळ रेघ चाललेली वाट म्हणून मोजली जाते.

नकाशासाठी ओपनटोपोमॅपच्या संकेतस्थळावरून भारताची गार्मिनसाठीची फाइल उतरवून कार्डावरच्या गार्मिन फोल्डरमध्ये ठेवावी. सह्याद्रीतल्या वाटा त्यात बऱ्याच आहेत; सोलापूर-धाराशिवकडच्या वाटा विरळ आहेत, त्या आपणच टाकायच्या आहेत. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात परवानगीने फिरलात तर मात्र पक्षी दिसल्याच्या जागेचा वेपॉइंट (खूण केलेला बिंदू) कुठेही चढवू नका. एक अचूक आकडा त्या पक्ष्याला पुरेसा घातक आहे.

घ्यायचं की नाही

दोन फ्रिक्वेन्सींवर चालणारा नवा फोन आडव्या जागेच्या अचूकतेत या यंत्राच्या बरोबरीला येतो, कधी पुढेही जातो, हे मान्य करायला हवं. तेवढीच अचूकता यंत्रात हवी असेल तर गार्मिनचंच जीपीएसमॅप ६५एस पाहावं; त्यात आपली, भारताची ‘नाविक’ उपग्रह प्रणालीही आहे, पण ते मोठं, जड आणि महाग आहे. ३२एक्स घ्यायचं ते बदलता येणाऱ्या सेलसाठी, उन्हात दिसणाऱ्या पडद्यासाठी आणि बॅरोमीटरसाठी. परदेशातून कोणी आणून देत असेल तर उपग्रहावरून संदेश पाठवणारं, इनरीच प्रकारचं मॉडेल मागवू नका. भारतात परवान्याशिवाय ते बाळगणं बेकायदा आहे आणि विमानतळावर लोकांना ताब्यात घेतल्याची उदाहरणं आहेत. ३२एक्स उपग्रहांचे सिग्नल फक्त ऐकतं, उपग्रहांना काही पाठवत नाही, त्यामुळे हा प्रश्न येत नाही.

जुनं घेत असाल तर सेलचा कप्पा उघडून स्प्रिंगवर हिरवट थर आहे का पाहा, दांडी चारही दिशांना दाबून पाहा, मागचं रबरी झाकण फाटलेलं नाही ना ते पाहा. बॅरोमीटर तपासायला उंचीचं पान उघडून यंत्रासकट तीन मजले चढा. सुमारे ९ मीटरचा फरक दिसायला हवा. ईट्रेक्सच्या फार जुन्या पिढीतलं यंत्र असेल तर उघड्यावर सिग्नल घेऊन तारीख वाचा. ६ एप्रिल २०१९ ला जीपीएसचा १०२४ आठवड्यांचा मोजक पुन्हा शून्यावर आला आणि काही जुनी यंत्रं तेव्हापासून साडेएकोणीस वर्षं मागची तारीख लिहितात. वाट बरोबर उमटते, पण त्या यंत्रातला प्रत्येक ट्रॅक तारखेनुसार लावताना हाताने दुरुस्त करावा लागतो.